बूथमध्ये किक सापडत नाही, तेव्हा

प्रश्न: मी दोन वर्षांपासून डीजे म्हणून काम करतो. आठवड्यातून दोन रात्री, दर वेळी चार-पाच तास. एवढ्या काळात दोन हेडफोन गेले. पहिल्याची बिजागरी आठव्या महिन्यात तडकली. दुसरा घरी दणदणीत वाजायचा, पण नवा होता तेव्हाही बूथमध्ये त्यात किक (मोठ्या ड्रमचा ठोका) सापडायची नाही, म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवायचो. आता तर त्यातून गायकाचा आवाजच गायब होतो, बाकी वाद्यं विहिरीतून आल्यासारखी वाटतात. पिन हलवली की क्षणभर सगळं ठीक. सेट संपल्यावर सकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत राहते. मित्र म्हणतात ५० मिलिमीटर ड्रायव्हरचा (कपातल्या छोट्या स्पीकरचा) घे, नाहीतर सरळ वायरलेस घे. एकदाच नीट खर्च करायचा तर काय बघून घेऊ?

उत्तर: घरी दणदणीत वाजणारा हेडफोन बूथमध्ये मुका होतो, त्याला त्याचा दणदणाटच कारणीभूत आहे. शांत खोलीत ५०-६० हर्ट्झचा घुमारा सुखावतो. बूथमध्ये मात्र तोच पट्टा सब-वूफरने आधीच भरून टाकलेला असतो. बंद कपाचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो खरा, पण सगळीकडे सारखा अडवत नाही. दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर चांगला कप २० डेसिबल किंवा त्याहून जास्त अडवू शकतो. १०० हर्ट्झच्या खाली हे अडवणं जेमतेम काही डेसिबलचं. म्हणजे हॉलमधला बेस तुमच्या कपात शिरून बसतो आणि हेडफोनमधल्या बेसला दाबतो. तुम्ही नॉब फिरवत राहता, बाकी सगळं कर्कश होतं आणि किक तरीही हाती लागत नाही.

आता बीट जुळवताना, म्हणजे येणाऱ्या गाण्याचा ठोका चालू गाण्यावर बसवताना, तुम्ही नेमकं काय ऐकता ते आठवून बघा. घुमाऱ्याला सुरुवात-शेवट असा धारदार कडा नसतो, त्यावर पिच (गाण्याचा वेग) बसवता येत नाही. कान पकडतो ती किकच्या सुरुवातीची ‘टक्’, जी साधारण २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये असते. त्यानंतर स्नेअर ड्रम किंवा टाळीसारखा क्लॅप, आणि वर ८-१० हजारांच्या आसपास हाय-हॅट (झांजांची जोडी). हा भाग स्वच्छ दाखवणारा आणि बाहेरच्या त्याच भागाला अडवणारा हेडफोन हाच डीजेसाठी चांगला आवाज. गाणी ऐकायला तो कदाचित थोडा कोरडा वाटेल. तो कोरडेपणा कामाचा आहे, त्याला घाबरू नका.

नवा हेडफोन येईपर्यंत एक करून बघा. बहुतेक डीजे मिक्सरवर क्यूला (पुढचं गाणं आधी हेडफोनमध्ये ऐकण्याच्या सोयीला) जाणारा सिग्नल चॅनेलच्या इक्वलायझरनंतर घेतलेला असतो. येणाऱ्या गाण्याचा लो (बेसचा) नॉब पूर्ण खाली करा आणि फक्त हॅट-स्नेअरवर जुळवा. नाहीतरी मिक्स करताना दोन बेस एकत्र सोडायचे नसतातच. जुळवत असताना बूथ मॉनिटर (तुमच्याजवळचा स्पीकर) थोडा खाली घ्या. पण तो पूर्ण बंद करून लांबच्या मुख्य स्पीकरवर भरवसा ठेवू नका. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. स्पीकर १० मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुमच्यापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमध्ये जुळलेली बीट हॉलमध्ये घोड्याच्या टापांसारखी का वाजते, त्याचं एक कारण हे असतं.

कानातल्या शिट्टीबद्दल स्पष्टच लिहितो. ती थकव्याची खूण म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कानाच्या आतल्या पेशींवर क्षमतेपेक्षा जास्त ताण आल्याचं ते लक्षण आहे, आणि त्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबलची आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बूथमध्ये १०० डेसिबल सहज होतात, त्यावर शेवटपर्यंत फिरवलेला हेडफोन. म्हणून हेडफोनइतकीच निकड इअरप्लगची आहे. फोमचे नकोत, ते वरचा भाग खाऊन टाकतात; संगीतकारांसाठी बनवलेले, सगळे पट्टे जवळपास सारखे कमी करणारे १५ डेसिबलच्या आसपासचे घ्या. उघड्या कानात प्लग, दुसऱ्या कानावर हेडफोन, आणि क्यूचं काम झालं की हेडफोन गळ्यात. नॉब अर्ध्याच्या पुढे न्यावा लागत असेल तर अडचण हेडफोनच्या अडवण्यात आहे किंवा मॉनिटरच्या पातळीत, असं समजा. शिट्टी दोन दिवसांनंतरही टिकली किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जा.

मित्रांच्या दोन सल्ल्यांकडे येऊ. ड्रायव्हरच्या मिलिमीटरवरून आवाजाचा दर्जा कळत नाही. मोठा पडदा जास्त हवा हलवू शकतो इतकंच. कपाचा आतला आकार, कुशनची पकड आणि पडद्याचं ट्यूनिंग यांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो. ४० मिलिमीटरचा नीट बसणारा हेडफोन ५० च्या सैल हेडफोनपेक्षा बूथमध्ये जास्त ऐकवतो.

वायरलेसचं गणित सोपं आहे. १२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ बीट) एक बीट ४८० मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे बीटच्या पाचव्या हिश्शापासून थेट तिसऱ्या हिश्शाच्याही पुढे. दोन किकमध्ये २०-३० मिलिसेकंदांचा फरकही कान ओळखतो, तेव्हा यावर कानाने जुळवणी होणं शक्य नाही. स्वतंत्र ट्रान्समीटर मिक्सरला लावून १०-२० मिलिसेकंदांत आवाज पोचवणारे हेडफोन आता मिळतात आणि त्यांच्यावर काम करता येतं. तरीही वायर लावून वापरायची सोय असलेलाच घ्या, कारण बॅटरी कधी संपेल ते तिच्या हातात. नॉइज कॅन्सलिंगवाले या कामात नकोत. त्यांचे बाहेरचे मायक्रोफोन प्रवासातल्या घरघरीसाठी जुळवलेले असतात, क्लबच्या पातळीला ते गोंधळतात. मागून उघड्या कपाचे स्टुडिओ हेडफोन कितीही सुरेल असोत, त्यांचा इथे विचारच करू नका.

कागदावरचे दोन आकडे मात्र बघावेत: ओहम (विजेला होणारा रोध) आणि संवेदनशीलता (ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो). इथे फसगत होते ती अशी की काही कंपन्या संवेदनशीलता एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करू नका. मिलिवॅटच्या आकड्यात ३२ ओहमसाठी १५, ७० ओहमसाठी ११.५ आणि २५० ओहमसाठी ६ मिळवले की व्होल्टचा आकडा निघतो. १०० डेसिबल प्रति मिलिवॅट लिहिलेले दोन हेडफोन, एक ३२ ओहमचा आणि दुसरा २५० चा, एकाच मिक्सरवर ९ डेसिबलच्या फरकाने वाजतील. डीजेसाठी ३२ ते ७० ओहम ठीक. २५० ओहमचे स्टुडिओ मॉडेल लहान कंट्रोलरवर दबून वाजतात.

आता बांधणी, कारण तुमचे दोन्ही हेडफोन तिथेच गेले. डीजेचा हेडफोन सरळ डोक्यावर फार कमी वेळ असतो. एक कप मागे ढकललेला, पट्टी पिळलेली, नाहीतर कप खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला. हा पीळ शेवटी दोन जागी जमा होतो: कप फिरतो ती बिजागरी आणि पट्टी लांब-आखूड करायची सरकपट्टी. घडी घालता येणाऱ्या हेडफोनला बिजागऱ्या जास्त, म्हणून तुटायच्या जागाही जास्त. बॅगेत जागा वाचते, पण आठवड्याला दोन रात्री वापरणाऱ्याने घडीच्या सोयीपायी मजबुती सोडू नये असं आम्हाला वाटतं. बिजागरी धातूची आहे का हे बघाच, आणि त्याहून बारकाईने हे बघा की धातूची पिन कशात बसवली आहे. पातळ प्लॅस्टिकच्या भोकात पोलादी पिन असेल तर पिन टिकते आणि भोक तडकतं. बिजागरीला स्क्रू दिसत असेल तर चांगलं. सैल झाला की कसता येतो. नुसतं दाबून बसवलेलं असेल तर तुटल्यावर दुरुस्तीला वाव नाही.

वायर सुटी निघणारी हवी, ही अट सोडू नका. आणि सॉकेट कुठल्या पद्धतीचं ते विचारा. मिनी एक्सएलआर खटकन बसतं, ओढल्यावर सुटत नाही आणि बराच काळ घट्ट राहतं. फिरवून लॉक होणारी बारीक पिनही चालते, पण सॉकेट अरुंद आणि खोल असेल तर बाजारातली साधी वायर आत जात नाही आणि फक्त कंपनीचीच घ्यावी लागते. डीजेसाठी गुंडाळीची वायर बरी: विश्रांतीत १.२ मीटर, ताणली की ३ मीटरपर्यंत. सरळ ३ मीटरची पायात येते. फक्त गुंडाळी जड असेल तर तिचा भार एका कपावर लटकतो आणि हेडफोन त्या बाजूला सरकतो, म्हणून कपाकडचा पहिला हातभर भाग सरळ असलेली निवडा. ३.५ मिलिमीटरच्या पिनवर स्क्रूने बसणारा ६.३५ चा अडॅप्टर येतो. नुसता खुपसायचा अडॅप्टर वाजता-वाजता सैल होतो आणि एक बाजू जाते. स्क्रूवालाही मिक्सरमधून लांब बाहेर राहतो, त्यावर हात आपटला की तरफेसारखा सॉकेटला उचकटतो. जमल्यास मोठी पिन थेट लावलेली वायर घ्या.

कुशनबद्दल लोक शेवटी विचार करतात, खरं तर आवाज अडवण्याचं निम्मं काम तीच करते. कृत्रिम चामडं घाम, ओल आणि उष्णतेने सोलवटतं. नियमित वापरात वर्ष-दोन वर्षांत काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात. हा बिघाड धरूनच चालायचं. सोलवटलेली किंवा कडक झालेली कुशन नीट टेकत नाही, फटीतून बेस निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. अशा वेळी हेडफोन म्हातारा झाला असं वाटून लोक नवा घेतात, प्रत्यक्षात कुशनची जोडी बदलली की तो जवळजवळ पहिल्यासारखा वाजतो. मखमली कुशन गरम होत नाही, पण आवाज गळतो आणि घाम शोषून राहतो. बूथमध्ये ती टाळा. सेट संपला की मऊ कोरड्या कपड्याने पुसा. स्पिरिट लावू नका, त्याने कृत्रिम चामडं लवकर तडकतं.

मग घ्यायचं काय? सुटे भाग मिळण्याच्या कसोटीवर सेनहायझर एचडी २५ ला आम्ही पहिला मान देतो. १९८८ पासूनचं हे मॉडेल आजही चालू आहे, वायरीशिवाय वजन सुमारे १४० ग्रॅम, ७० ओहम, दुभंगणारी पट्टी आणि एका कानावर ऐकण्यासाठी मागे फिरणारा कप. वायर, कुशन, कपातला ड्रायव्हर, पट्टी, सगळं सुटं मिळतं आणि घरच्या घरी बदलता येतं. त्रास एवढाच की तो कानावर टेकतो, कानाभोवती नाही. पकड घट्ट असते, पहिले काही दिवस कानाची पाळी दुखते, आणि चष्मा लावणाऱ्यांना तर जास्तच. याच मालिकेतला लाइट घ्यायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, त्यात फिरणारा कप आणि दुभंगणारी पट्टी नसते.

कानाभोवती बसणारा हवा असेल तर पायोनियर डीजेचा एचडीजे-एक्स१० किंवा त्याच मालिकेतला एक्स७ बघा. ५० मिलिमीटर ड्रायव्हर, मिनी एक्सएलआर वायर, फिरणारे कप. वजन ३०० ग्रॅमच्या वर जातं, ते चौथ्या तासाला मानेला कळतं. एआयएआयएआयचा टीएमए-२ पट्टी, ड्रायव्हर, कुशन आणि वायर असा चार सुट्या भागांचा आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने याहून सरळ रचना नाही, फक्त कुशनचे प्रकार आणि ड्रायव्हर यांच्या जोड्यांनी आवाज बराच बदलतो, म्हणून जोडी ऐकूनच ठरवा. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स मूळचा स्टुडिओसाठीचा, ३८ ओहम, ९० अंशांत फिरणारे कप आणि सुटी वायर. रेकॉर्डिंग आणि डीजे दोन्ही करणाऱ्याला तो पुरतो. चार-पाच तासांचा बूथ आणि तुमचा आजवरचा अनुभव बघता आम्ही एचडी २५ सुचवू, कान दुखण्याची तक्रार नसेल तरच. असेल तर एक्स७.

विकत घेण्याआधी दहा मिनिटं द्या. हेडफोन घालून जबडा हलवा, मान झटकन वळवा. कप सरकता कामा नये. दोन्ही हातांनी पट्टी हलकेच पिळा आणि बिजागरीकडे कान लावा, करकर आली तर ठेवून द्या. सरकपट्टी तुमच्या मापावर लावून दहा वेळा काढा-घाला, माप सुटतं का बघा. मग खरी परीक्षा: समोर स्पीकरवर एक गाणं मोठ्याने लावायला सांगा, हेडफोनमध्ये मध्यम आवाजात दुसरं लावा आणि एकाच कानावर धरून त्यातला हॅट मोजा. सोळा बीट न चुकता मोजता आल्या तर हा हेडफोन कामाचा. एका कानाने ऐकताना दुसऱ्या वाहिनीतलं वाद्य निसटतं, त्यासाठी मिक्सरवर मोनो (दोन्ही वाहिन्या एकत्र) किंवा स्प्लिट क्यूचं (एका कानात क्यू, दुसऱ्यात चालू गाणं) बटण आहे का ते माहीत करून घ्या. शेवटी ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात वाजवून दोन्ही कप आळीपाळीने ऐका. कुठे फडफड आली तर तो नग परत. फडफड नेहमीच ड्रायव्हरची नसते, कधी पडद्याला एक केस टेकलेला असतो, पण नव्या नगात तोही नको.

प्रसिद्ध मॉडेलच्या नकला भरपूर फिरतात आणि खोकं अगदी हुबेहूब असतं. मल्टिमीटर जवळ असेल तर पिनचं टोक आणि मुळाकडचा भाग यांमधला रोध मोजा. ७० ओहमच्या हेडफोनवर ७० च्या जवळपास आकडा यायला हवा, थोडा कमी चालेल. ३० दाखवत असेल तर आतला ड्रायव्हर दुसराच आहे.

आणि तुमचा दुसरा हेडफोन फेकू नका. गायक गायब होणं ही ड्रायव्हरची तक्रार नाही. दोन्ही ड्रायव्हरची परतीची वायर पिनमध्ये एकाच ठिकाणी जोडलेली असते. ती तुटली की दोन्ही ड्रायव्हर एका माळेत येतात आणि ऐकू येतो तो फक्त डाव्या-उजव्या वाहिनीतला फरक. गायक, किक, बेस दोन्ही वाहिन्यांत सारखे असतात, म्हणून तेच पुसले जातात. मल्टिमीटरवर हे लगेच कळतं: टोक ते मूळ काहीच दाखवणार नाही, टोक ते मधलं कडं मात्र एका ड्रायव्हरच्या दुप्पट ओहम दाखवेल. मोजताना वायर स्थिर ठेवा, नाहीतर आकडा येत-जात राहील.

पिन हलवल्यावर आवाज येतो, म्हणजे तूट पिनेजवळच आहे. पिनपासून चार-पाच सेंटिमीटरवर वायर कापा. धातूची, मागे स्प्रिंग किंवा रबरी आधार असलेली नवी पिन आणा. सोल्डर करण्याआधी पिनेचं झाकण आणि आकुंचन नळी (गरम केल्यावर आवळणारी) वायरीत ओवून घ्या. हे विसरलं की सगळं पुन्हा उसवावं लागतं. साल सुमारे दीड सेंटिमीटर काढा. आत केसासारखे बारीक तंतू असतील आणि त्यांवर रंगीत इनॅमलचा थर, मध्ये कापसाचा किंवा नायलॉनचा दोरा. हा थर न जाळता सोल्डर केलं तर जोड दिसायला चकचकीत आणि आतून कोरडा राहतो, घरगुती दुरुस्ती बहुतेक वेळा इथेच फसते. दोरा कापून टाका, सोल्डरिंग आयर्न ३७० ते ४०० अंश सेल्सिअसवर ठेवा, टोकाशी सोल्डरचा थेंब धरून तंतू त्यात तीन-चार सेकंद बुडवा. धूर निघतो आणि तंतू चंदेरी होतात. खिडकी उघडी ठेवा. मग टोकाला डावी वायर, मधल्या कड्याला उजवी, मुळाला परतीची. लाल रंग बहुधा उजव्याचा, तांबडं-पिवळं तांबं परतीचं, उरलेला रंग डावा. शंका असेल तर आधी नुसतं टेकवून ऐका. झाकण लावण्याआधी परत मोजा: टोक-मूळ आणि कडं-मूळ हे दोन आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत.

दुरुस्त झालेला हा हेडफोन बॅगेत राखीव म्हणून ठेवा. नव्याच्या बाबतीत वायर पट्टीभोवती आवळून गुंडाळायची सवय सोडा, कप आणि पिनेजवळचा भाग त्यानेच मोडतो. सैल वेढे घालून वेलक्रोने बांधा. नवा हेडफोन मागवतानाच एक जादा वायर आणि कुशनची एक जोडी त्याच मॉडेलची मागवून ठेवा, आणि महिन्यातून एकदा बिजागरीचे स्क्रू तपासा. स्क्रू हाताने सहज फिरत असेल तर थेंबभर निळा थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून कसा, पण तो प्लॅस्टिकला लागू देऊ नका, त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होतं.